आकड्यांचे खोत

गुहागरच्या आमच्या परसात एक हापूस आहे आणि त्याच्यावर डोळा ठेवून असलेली वीस-पंचवीस माकडं आहेत. झाड आमचं, आंबे माकडांचे, अशी वहिवाट गेली काही वर्षं बिनतक्रार चालली. गेल्या मार्चात मी तिथे कॅमेरा लावला. माकडं थांबतील अशा भ्रमात मी नव्हतो. डोंबिवलीत बसून निदान चोरी होताना बघता यावी, एवढीच माफक अपेक्षा.

कॅमेऱ्याबरोबर ॲप येतं. पण त्यातलं चित्र आधी कुठल्याशा परमुलखातल्या सर्व्हरवर जातं आणि तिथून माझ्या फोनवर उतरतं. माझ्या परसातलं माकड रोज दोनदा समुद्र ओलांडतंय हे काही मला पटेना. मारुतीरायाला एवढी दगदग नव्हती. म्हटलं, मध्यस्थ नको, सरळ घराच्या पत्त्यावर जाऊ. पोटासाठी पंचवीस वर्षं नेटवर्कच्या तारा ओढल्यात, एवढं तर जमेल? गावी गेलो, राउटरचं पान उघडलं. घराचा पत्ता १०० नं सुरू होत होता. कपाळाला हात लावला आणि इंटरनेटवाल्या पोराला फोन केला.

"काका, तो पब्लिक आयपी नाहीये. शेअरमध्ये आहे."

"किती जणांत?"

"ते वरून ठरतं. तुम्हाला वेगळा पाहिजे तर स्टॅटिक घ्या. वर्षाला पंधराशे जादा. प्लस जीएसटी."

"अरे, आकडाच तर आहे तो! आकड्याचे कसले पैसे?"

"काका," पोरगं शांतपणे म्हणालं, "आकडे संपलेत."

पाणी संपतं, गॅस संपतो, पगार तर दहा तारखेच्या पुढे दिसतच नाही. पण आकडे? बालवाडीतलं पोरही एवढं जाणतं की शेवटच्या आकड्यात एक मिळवला की पुढचा मिळतो. वाईट इतकंच की पोरगं खरं बोलत होतं. आकडे संपलेत. आणि ते कसे संपले हे एखाद्या माजी खोताच्या नातवाला जितकं पटकन कळेल तितकं कॅलिफोर्नियातल्या एकाही विद्वानाला कळणार नाही. होय, आम्ही एके काळचे खोत. लाज वाटण्याइतकी जमीन आता उरलेली नाही, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

खोत म्हणजे मालक नव्हे, हे नव्या वाचकांसाठी. खोत सरकारचा सारा गोळा करून भरणारा. कागदोपत्री एवढंच. पण हे कुळाला जाऊन सांगा! कूळ राबायचं, खंड घालायचं, आणि खोत ओटीवर सुपारी कातरत म्हणायचा, "आमचं काय आहे हो, आम्ही आपले मधले." पत्त्यांच्या दुनियेत नेमकं हेच वाक्य आज पाच खंडांत, पाच नोंदणी कार्यालयांत, फार गंभीर चेहऱ्यानं उच्चारलं जातं.

इंटरनेटवरच्या यंत्राला पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे बत्तीस बिटांचा आकडा. असे आकडे होतात ४,२९,४९,६७,२९६. ही पद्धत १९८१ मध्ये कागदावर पक्की झाली. तेव्हा जगातली जोडलेली यंत्रं काही शेकड्यांत होती, त्यामुळे सव्वाचारशे कोटी म्हणजे अनंतच वाटले असणार. वही सांभाळायला जॉन पोस्टेल नावाचा लांब दाढीचा, विद्वान, निरिच्छ गृहस्थ बसलेला. मागेल त्याला तो आकडे देई आणि वहीत लिहून ठेवी. त्याच्यावर माझा राग नाही. १९९८ मध्ये गेला बिचारा, आणि जाताना स्वतःच्या नावावर काही ठेवलं असेल असं त्याचे वैरीही म्हणत नाहीत.

गंमत मापांत होती. दुकानात मापं तीनच. लहान २५६ पत्त्यांचं, मधलं ६५,५३६ चं आणि मोठं १,६७,७७,२१६ चं. म्हणजे कापडाच्या दुकानात जावं आणि दुकानदारानं सांगावं, बाळाचं दुपटं आहे, लग्नाचा मांडव आहे आणि शिवाजी पार्क झाकायची ताडपत्री आहे. सदरा? सदरा नाही. मग अंगापिंडानं बरे असलेले लोक ताडपत्री घेऊन गेले. या ताडपत्रीला आमच्या धंद्यात 'स्लॅश एट' म्हणतात. अशा सगळ्या मिळून २५६.

कोणकोण घेऊन गेलं बघा. मोटारी बनवणारी फोर्ड. विमा विकणारी प्रुडेन्शियल. औषधांची एली लिली. तेलाच्या विहिरी खणणारी हॅलिबर्टन. अमेरिकेचं टपाल खातं. ब्रिटनचं निवृत्तिवेतनाचं खातं. तिथल्या एकेका म्हाताऱ्याला बहुधा स्वतंत्र पत्ता द्यायचा विचार असावा. ॲपलनं घेतली, आयबीएमनं घेतली. ह्युलेट-पॅकार्डकडे एक होती, पुढे डिजिटल ही कंपनी काँपॅकमार्फत तिच्या पोटात गेली तेव्हा दुसरीही आली, आणि दोन्ही शेजारशेजारच्या, १५ आणि १६. बांध काढून टाकला की झालं! पण माझी सर्वांत लाडकी ताडपत्री ४५ क्रमांकाची. ती इंटरॉप नावाच्या प्रदर्शनाला दिली होती. हो, प्रदर्शनाला. लास वेगासमध्ये मांडव पडायचा, लोक यायचे, फुकटच्या पिशव्या घेऊन जायचे, मांडव उठायचा. त्या मांडवासाठी एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते. आमच्या ग्रामदेवतेच्या जत्रेनं असा अर्ज केला असता तर?

अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं किती घेतल्या हे विचारू नका. डझनभर तरी निघतील. आणि खुद्द वहीवाल्यांनी काय केलं? १२७ नं सुरू होणारी अख्खी ताडपत्री, यंत्रानं स्वतःशीच बोलावं म्हणून राखून ठेवली. त्यातला १२७.०.०.१ हा एक पत्ता सगळं जग वापरतं, बाकीचे एक कोटी सदुसष्ट लाख निवांत पडून आहेत. आरशात बघायचं म्हणून कुणी एक कोटी आरसे घेऊन ठेवतं का? शिवाय २४० च्या पुढचे २६,८४,३५,४५६ पत्ते 'भविष्यकालीन उपयोगासाठी' राखीव. ते अजूनही राखीवच आहेत. दुष्काळ पडला, भाव कडाडले, चोऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. भविष्यकाळ मात्र अजून यायचाय.

मग नव्वदीत शहाणपण आलं. शहाणपणाचं वैशिष्ट्य असं की ते नेहमी जेवणावळ उठल्यावर येतं. १९९३ मध्ये तीन मापांची पद्धत मोडून हवं तेवढं कापून द्यायला सुरुवात झाली, आणि नव्या गिऱ्हाइकाला विचारणा सुरू झाली: गरज काय? यंत्रं किती? नकाशा दाखवा, बिलं दाखवा, पुढच्या वर्षाचा अंदाज दाखवा. योग्यच की! फोर्डला कुणी विचारलं होतं का, असं विचारणं मात्र असभ्य. ज्यांना आधी मिळालं त्यांचं सोवळं वेगळं. त्यांनी कसलाच करार केलेला नव्हता, कारण करार करायला समोर कार्यालयच नव्हतं. आपल्याकडे सामान्य जनतेसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. मुहूर्त छान, पंगत संपलेली.

आता सिद्धान्त ऐका. या कार्यालयांचा गाभ्याचा सिद्धान्त असा की पत्त्यांना मालक नसतो. आकडा ही काय मालकीची वस्तू आहे? आम्ही केवळ नोंद ठेवतो, सभासदाला मिळतो तो वापराचा हक्क, समुदाय खालून वर धोरण ठरवतो, आम्ही विश्वस्त. केवढं हे अपरिग्रहाचं व्रत! प्रत्येक आहुतीला 'इदं न मम' म्हणायचं आणि दक्षिणेची पावती वार्षिक वर्गणीच्या नावानं फाडायची. आपल्याकडे सातबाऱ्याचंही असंच आहे म्हणा. फेरफाराच्या नोंदीनं मालकी सिद्ध होत नाही हे आपली न्यायालयं वर्षानुवर्षं सांगतात, आणि फेरफारासाठी माणूस तलाठ्याच्या दारात चपला झिजवतोच. पण तलाठी निदान ओसाड जमिनीवर उभं राहून अध्यात्म सांगत नाही.

३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती कोठारातल्या शेवटच्या पाच ताडपत्र्या पाच कार्यालयांना एकेक अशा मायामीत समारंभपूर्वक वाटल्या गेल्या. कोठार रिकामं झाल्याचा समारंभ! आणि त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत सिद्धान्ताची पहिली परीक्षा झाली. नॉर्टेल ही कॅनडाची कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. देणेकऱ्यांनी घर झाडलं तेव्हा माळ्यावर ६,६६,६२४ पत्ते सापडले. मायक्रोसॉफ्टनं ते ७५ लाख डॉलरना घेतले. नगाला सव्वाअकरा डॉलर. ज्याला मालक नाही, जी वस्तूच नाही, ती डेलावेअरच्या न्यायालयात देणी फेडायला विकली गेली. तिकडचं नोंदणी कार्यालय धावत आलं. आता काहीतरी घणाघाती होणार असं आम्हाला वाटलं. झालं असं की कागदातले काही शब्द इकडचे तिकडे झाले, मायक्रोसॉफ्टनं नोंदणीच्या एका करारावर सही केली, आणि सगळे समाधानानं घरी गेले. तत्त्व शाबूत, माल विकलेला. याला म्हणतात विद्वत्ता.

तेव्हापासून दलाल आले, लिलाव आले, भाडेपट्टे आले. २०२१-२२ च्या सुमाराला भाव पन्नास डॉलरच्या वर गेला होता. एमआयटीकडे १८ क्रमांकाची पूर्ण ताडपत्री होती. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यातले एक कोटी चाळीस लाख कधी वापरलेच नव्हते, आणि त्यातले ऐंशी लाख विकतोय. घेतले ॲमेझॉननं. पैशाचं काय करणार? नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी (ती पद्धत पुढे येईलच) नेटवर्क सुधारणार! म्हणजे गावाची विहीर तीस वर्षं कुलूपबंद ठेवायची आणि मग पाणी विकून नळयोजनेचं कौतुक करायचं.

आणि आपल्या पवईच्या आयआयटीचं संकेतस्थळ कुठे नांदतं? १०३ नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर. १०३ म्हणजे मायामीच्या त्या पाचांपैकी आशियाच्या वाट्याला आलेली शेवटची ताडपत्री. ती कशी वाटायची? पंक्तीत बसलेल्या प्रत्येकाला जास्तीत जास्त १,०२४. पुढे तेही परवडेना म्हणून ५१२. भारताच्या नावावर जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत चार-एक कोटी. माणसं एकशेचाळीस कोटी. पस्तीस जणांत एक. अमेरिकेच्या नावावर दीडशे कोटींहून अधिक; तिथे माणशी चार पडतात आणि पाचवा कुत्र्याच्या पट्ट्याला लावता येतो.

ॲमेझॉननं नुसती एमआयटी नाही उचलली. जनरल इलेक्ट्रिकची ३ क्रमांकाची घेतली. हौशी रेडिओवाल्यांसाठी १९८१ पासून ४४ क्रमांकाची राखीव होती, तिचा चतुर्थांश २०१९ मध्ये घेतला, दहा कोटी डॉलरांहून अधिक मोजून. जगभरचे रेडिओवाले विचारत राहिले, अहो, आमचं होतं ना ते? सांभाळणाऱ्या संस्थेनं विकून टाकलं आणि पैशाचा धर्मादाय निधी केला. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन आपल्या गिऱ्हाइकांकडून प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट घेते. वर्षाचे झाले ४४ डॉलरच्या घरात. आमच्या आजोबांच्या वहीत याच्यासाठी एक शब्द होता: खंड.

लष्कराची कथा त्याहून रम्य. २० जानेवारी २०२१. वॉशिंग्टनमध्ये बायडन शपथ घेणार, सत्तांतराला मिनिटं उरलेली. आणि त्या मिनिटांत फ्लोरिडातल्या एका कंपनीनं, जिचं नाव या धंद्यात कुणी ऐकलेलं नव्हतं, संरक्षण खात्याचे वर्षानुवर्षं पडीक असलेले पत्ते जगाला आपले म्हणून जाहीर करायला सुरुवात केली. वाढत वाढत आकडा साडेसतरा कोटींवर गेला. सगळ्या जगाच्या नेटवर्कवाल्यांचे डोळे पांढरे. नंतर खुलासा आला की तो सुरक्षेसाठीचा प्रायोगिक प्रकल्प होता. सप्टेंबरात पत्ते पुन्हा खात्याकडे गेले. साडेसतरा कोटी कशासाठी लागतात, हा प्रश्न खालून वर जाणाऱ्या समुदायानं विचारला का? वरपर्यंत पोचायला बहुधा वेळ लागतोय.

कोकणातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची जमीन कसायची नाकारली, पोरंबाळं उपाशी ठेवून ती पडीक पाडली, तेव्हा कुठे खोतीचा पाया हलला. इथे पडीक ठेवायचं काम स्वतः खोतच करतात.

जिथे माल थोडा आणि वही एकच, तिथे चोर आलेच. युरोपात २०१२ नंतर प्रत्येक नव्या सभासदाला १,०२४ पत्ते मिळायचे, तर एकेका शहाण्यानं पाचपंचवीस सभासद उभे केले. रेशनकार्डांचा खेळ ज्यानं पाहिलाय त्याला यात नवल नाही. साउथ कॅरोलायनातल्या एका गृहस्थानं त्याच्यावर कडी केली. त्यानं नसलेल्या कंपन्या काढल्या, त्यांना नसलेले संचालक दिले, त्या नसलेल्यांच्या नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्रांवर सात लाखांवर पत्ते उचलले, आणि २०२३ मध्ये मात्र खऱ्याखुऱ्या पाच वर्षांची शिक्षा घेतली. न्यायालयासमोर प्रश्न मालमत्तेच्या फसवणुकीचा होता. मालमत्ता? कुठली मालमत्ता? मालक तर कुणीच नव्हतं ना!

आफ्रिकेच्या कार्यालयात चोरी बाहेरून करायची गरजच पडली नाही. वहीतच खाडाखोड झाली. २०२१ च्या त्यांच्याच तपासणीत ४१ लाखांवर पत्त्यांचा घोळ निघाला. त्याच सुमाराला साठेक लाख पत्ते असलेल्या एका मोठ्या सभासदाला कार्यालयानं विचारलं, बाबा रे, हे आफ्रिकेचे पत्ते आफ्रिकेबाहेर कसे? सभासद गेला मॉरिशसच्या न्यायालयात. बँकेतली खाती गोठली, संचालक मंडळाची गणपूर्ती होईना, २०२३ मध्ये न्यायालयानं कारभारी नेमला. २०२५ च्या जूनमध्ये निवडणूक घेतली, ती मुखत्यारपत्राच्या मतांवरून रद्द झाली, सप्टेंबरात पुन्हा घेतली. एका अख्ख्या खंडाचे पत्ते सांभाळणारी संस्था, आणि तिची अवस्था आमच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी. फक्त आमच्याकडे शेवटी वडापाव देतात.

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी चष्मा सारखा करत म्हणतोच, "पण नवी पद्धत आहे की! एकशे अठ्ठावीस बिटांची!" आहे. डिसेंबर १९९५ पासून कागदावर आहे. तिच्यात आकडे इतके आहेत की तीनाच्या पुढे अडतीस अंक लिहायला घेतले तर संपादक माझं मानधन कापतील. अडचण एवढीच की नव्याला जुन्याशी थेट बोलता येत नाही. त्यामुळे नव्या घरात राहायला गेलात तरी जुन्या घराचं भाडं चुकत नाही. मग नव्या घरी जायची घाई कुणाला? ज्याच्याकडे जुनं नाही त्याला. म्हणून तर या बाबतीत भारत जगात पहिल्या काही देशांत आहे आणि जिओ २०१६ मध्ये उतरली ती नव्या पत्त्यांवर स्वार होऊनच. परिषदांमधून आपलं कौतुक होतं, टाळ्या पडतात. अनवाणी माणसाच्या चालण्याच्या सवयीचं कौतुक करावं तसं.

आणि ज्यांना जुन्याशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी चाळ. एक सार्वजनिक पत्ता, त्यामागे शेकडो बिऱ्हाडं, कडेला एक सामाईक नळ. वरच्या मजल्यावरच्या पोरानं काही उद्योग केले की संकेतस्थळ मलाच दटावतं: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, ज्या चौकोनांत झेब्रा क्रॉसिंग आहे ते निवडा. मी डोंबिवलीत राहतो हो, झेब्रा क्रॉसिंग मी शेवटचं कधी पाहिलं? या चाळीच्या आतल्या खोल्यांना क्रमांक हवेत म्हणून एप्रिल २०१२ मध्ये १०० नं सुरू होणाऱ्या पत्त्यांतला एक तुकडा अधिकृतपणे बाजूला काढला. ४१,९४,३०४ पत्ते. पुन्हा वाचा. ज्यांना पत्ता मिळणार नाही, त्यांच्यासाठी म्हणून बेचाळीस लाख पत्ते राखून ठेवले. गुहागरच्या राउटरवर मला भेटला तो त्यांच्यापैकीच.

एवढं सगळं त्या पोराला फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. कोकणातली पोरं अजून ऐकून घेतात. मग म्हणाला, "बरोबर आहे काका. करू मग स्टॅटिक?"

केलं. पंधराशे प्लस जीएसटी. प्रक्रिया वरून व्हायची होती, ती मे संपता संपता झाली. पत्ता आला तो ४५ नं सुरू होणारा. सवयीनं नोंदवहीत शोधला. इंटरॉपवाल्यांनी २०१० मध्ये आपली ताडपत्री जवळजवळ सगळी परत केली होती. न मागता परत करणाऱ्या मोजक्या मंडळींत ते, म्हणून आधी जे हसलो ते निम्मं मागे घेतो. तिचे तुकडे मग पाची कार्यालयांत वाटले गेले, आणि त्यातलं एक ठिगळ लास वेगासच्या मांडवातून फिरत फिरत आमच्या परसात येऊन पडलं होतं.

त्याच दुपारी डोंबिवलीतून थेट कॅमेरा उघडला. मध्ये कुणी नाही, चित्र लख्ख. झाडावर एकही आंबा उरला नव्हता, आणि सगळ्यात खालच्या फांदीवर बसून एक माकड पाय खाजवत कॅमेऱ्याकडे बघत होतं.